आधी पेन्सिल, मग वाचन

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

मेक्सिको-ग्वाटेमालाकडच्या प्राचीन माया लोकांची लिपी शिकायची तर चिन्हांची कोणती यादी आधी पाठ करू, असं विचारतेस. यादी राहू दे. आधी एखाद्या शिलालेखाचा चांगला फोटो घेऊन तो रेघन् रेघ काढ. झिजलेल्या जागी झीजच दाखव. मनाचं काही भरू नकोस.

माया शिलालेखांचा अर्थ लावणाऱ्या तातियाना प्रोस्कुरियाकोव्हबाईंनीही सुरुवात चित्रांपासूनच केली. त्या मुळात वास्तुकलेच्या. मंदीत कुणी काम देईना, तेव्हा ग्वाटेमालातल्या पिएद्रास नेग्रासला भग्न इमारतींची चित्रं काढायला गेल्या. पुढे त्यांच्या लक्षात आलं, की तिथले कोरीव लेखांचे स्तंभ गटागटाने उभे आहेत आणि एकेका गटातल्या तारखा एका माणसाच्या आयुष्यात मावतात. गटातल्या सर्वांत जुन्या तारखेपाशी आ वासून वर पाहणारा बेडूक. त्यानंतरच्या एका तारखेपाशी दाढ दुखल्यावर फडकं बांधावं तसं बांधलेलं डोकं. पहिलं चिन्ह जन्माचं, दुसरं राज्यारोहणाचं! १९६० साली त्यांनी हे मांडलं, तेही त्या चिन्हांचा उच्चार ठाऊक नसताना. एरिक थॉम्प्सनसारखा माया-अभ्यासातला दिग्गज तोवर या स्तंभांवर काळगणना आणि देवधर्मच पाहत होता. बाईंचं म्हणणं मात्र त्याने मान्य केलं.

युरी क्नोरोझोव्ह या रशियन अभ्यासकाचं म्हणणं मात्र त्याने मान्य केलं नाही, अगदी शेवटपर्यंत. दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने १५६२ साली मेक्सिकोतल्या मानी गावात माया पोथ्या जाळल्या आणि वर त्यांची 'वर्णमाला'ही टिपून ठेवली. ती सुट्या वर्णांची माला नसून बा, ला अशी व्यंजन-स्वर जोडलेली अक्षरं आहेत, हे क्नोरोझोव्हने १९५२ साली सोव्हिएत रशियात बसून ओळखलं. जॅग्वार म्हणजे 'बालम'. नुसतं त्याचं डोकं कोरलं तरी चालतं, नाहीतर बा-ला-मा अशी तीन चिन्हं. शेवटचा स्वर गळतो. 'राम' लिहून 'राम्' म्हणणाऱ्या आपल्याला यात नवल ते काय?

दुसरं, माया ही मेलेली भाषा नव्हे. या कुळातल्या तीसेक भाषा आजही घराघरांत बोलल्या जातात. त्यांतली चोल किंवा चोर्ती शीक. शिलालेखांची भाषा त्यांच्या जवळची. कोशातला अर्थ आणि बोलणाऱ्याचा अर्थ जुळला नाही, तर मी बोलणाऱ्याचं ऐकेन.

नोकऱ्या मोजक्याच आहेत, हे घरी आत्ताच सांगून टाक. आणि स्पॅनिशचा वर्ग लावलास का, ते कळव. त्याशिवाय तिकडे पान हलत नाही.

तुझा,
सर