वेळासला कासवांची पिल्लं हमखास दिसावीत म्हणून कधी आणि कसं जावं?

हमखास असं काही नसतं, पण शक्यता बरीच वाढवता येते. वेळास (ता. मंडणगड, जि. रत्नागिरी) इथे ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबरपासून अंडी घालतात. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी असतात आणि ती फुटायला ४५ ते ६० दिवस लागतात. म्हणून फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिलची सुरुवात हा काळ धरा. मात्र तारीख कॅलेंडर बघून ठरवू नका. राहण्यासाठी गावात फोन कराल तेव्हा सरळ विचारा, "या आठवड्यात किती घरटी फुटायला आली आहेत?" प्रत्येक घरट्याची तारीख नोंदलेली असते, त्यामुळे अंदाज मिळतो. एकच घरटं सांगितलं तर थांबा, तीन-चार असतील तर निघा.

कोल्हे, कुत्री आणि भरतीचं पाणी यांपासून वाचवण्यासाठी अंडी कुंपणाच्या आत, दीडेक फूट खोल खड्ड्यात हलवतात. सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास घरट्यावरची टोपली उचलून बघतात. वर आलेली पिल्लं असली तर पाण्यापासून थोडं अलीकडे वाळूत सोडतात. नसली तर त्या वेळी काहीच दिसत नाही, कारण वाळू उकरून पिल्लं काढत नाहीत आणि तसा आग्रहही कुणी धरू नये. एका घरट्यातली पिल्लं दोन-तीन दिवस टप्प्याटप्प्याने येतात. म्हणून दुपारी पोचून त्याच रात्री परतण्याचा बेत हमखास फसतो. निदान एक मुक्काम करा, म्हणजे एक संध्याकाळ आणि एक सकाळ पदरात पडते. दोन मुक्काम उत्तम.

पिल्लं सोडताना बांधलेल्या दोरीच्या मागेच उभे राहा. भुसभुशीत वाळूत पिल्लू पायाखाली आलं तर कळतही नाही. फ्लॅश आणि टॉर्च बंद ठेवा, कारण पिल्लं उजेडाकडे वळतात. पिल्लू कितीही हळू चालत असलं तरी त्याला उचलून पाण्यात सोडू नका. वाळूवरची ती चाल त्याच्यासाठी गरजेची असते. मोठी झालेली मादी पुढे अंडी घालायला आपल्या जन्माच्या परिसरातल्या किनाऱ्याकडेच परतते, असं मानलं जातं. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन कासवांची अंडी वाचवण्याचं हे काम सुरू केलं. त्याआधी इथली अंडी सर्रास चोरीला जात. गावाने हे बदललं, म्हणून राहायचं-जेवायचं गावातल्या घरीच करा.

पुण्याहून ताम्हिणी घाट, माणगाव, मंडणगड असा रस्ता आहे. हरिहरेश्वरहून येत असाल तर बागमांडला-वेश्वी फेरीबोटीत गाडी घालता येते. शेवटची फेरी किती वाजता ते आधी विचारा, चुकली तर मोठा वळसा पडतो. रोख पैसे जवळ ठेवा, मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. शिमग्यात चाकरमानी गावी येतात आणि घरं भरलेली असतात, तेव्हा ते दिवस टाळा किंवा महिनाभर आधी सांगून ठेवा.