भाडेकरूची सरकारी मदत गोठली, मग भाडं वाढवावं का?

प्रश्न: इंग्लंडमध्ये लेस्टरला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. भाडं ८५० पौंड. भाडेकरू दोन मुलांची नोकरी करणारी आई आहे. तिला युनिव्हर्सल क्रेडिटमधून (कमी उत्पन्नाच्या लोकांना मिळणारी सरकारी मदत) भाड्यापोटी ७०० मिळतात, वरचे ती स्वतः भरते. पाच वर्षांत एकदाही हप्ता चुकला नाही. एजंट म्हणतो, ९५० करा, वाढीव सरकार देईल. की फ्लॅट विकून पुण्यात घ्यावा?

उत्तर: वाढीव सरकार देणार नाही. खासगी घरांसाठी मदतीची कमाल मर्यादा लोकल हाउसिंग अलाउन्सने ठरते, आणि खर्च आवरायचा म्हटलं की सरकारचा हात आधी तिथेच जातो. २०११ मध्ये ही मर्यादा त्या भागातल्या मधल्या भाड्यावरून ३०व्या पर्सेंटाइलवर आणली, म्हणजे तिथली सर्वात स्वस्त ३० टक्के घरंच तिच्यात बसतात. २०१६ ते २०२० दर गोठवले. २०२० मध्ये वाढवून पुन्हा गोठवले, २०२४ च्या एप्रिलमध्ये वाढवले आणि तेव्हापासून ते परत जागच्या जागी आहेत. कागदावर सरकारी बचत दिसते, पण तूट भाडेकरूच्या किराणा-विजेच्या पैशांतून भरली जाते. ते पैसे संपले की तीच तूट तुमच्या भाड्याची थकबाकी होते.

आता तुमचा हिशोब. कर्जाचं व्याज महिना ४२० आणि बाकीचा खर्च १३० असं तुम्ही कळवलंय, आणि तुम्ही ४० टक्के कराच्या टप्प्यात आहात. व्याज भाड्यातून वजा होत नाही, त्यावर करात सवलत मिळते ती फक्त २० टक्क्यांची. त्यामुळे आज हातात राहतात ९६ पौंड. ९५० केलेत तर १५६. म्हणजे तिच्याकडून १०० काढायचे आणि तुमच्या पदरात ६०, वर्षाला ७२०. दोन महिन्यांचं भाडं थकलं तर करातला फरक धरूनही ११४० गेले! एजंटचं काय, त्याचं कमिशन भाड्यावर.

मी २५ पौंडांच्या वाढीपुढे जाणार नाही, आणि तेही तिच्याशी बोलून. १ मे २०२६ पासून नव्या कायद्याने भाडं वर्षातून एकदाच, दोन महिन्यांच्या नोटिशीने वाढवता येतं, आणि भाडेकरू ट्रायब्युनलकडे (असे वाद सोडवणारं न्यायमंडळ) दाद मागू शकतो. तूट भरायला स्थानिक काउन्सिलकडे मर्यादित मदत असते, तिला तिथे अर्ज करायला सांगा. दोन महिन्यांची थकबाकी झालीच, तर भाड्याची रक्कम थेट तुमच्या खात्यात देण्याची विनंती तुम्हाला करता येते.

विक्रीचा विचार मात्र गांभीर्याने करा. महिन्याला ९६ पौंडांसाठी एवढं कर्ज डोक्यावर ठेवण्यात फारसा अर्थ नाही, आणि एप्रिल २०२७ पासून भाड्याच्या उत्पन्नावर तुमचा दर ४२ टक्के होणार आहे. फ्लॅट एकाच्याच नावावर असेल आणि नफा ४०,००० असेल, तर ३,००० ची सूट वजा जाता २४ टक्क्यांनी ८,८८० कर लागेल. तो ६० दिवसांत भरायचा. विकण्यासाठी घर रिकामं करून घ्यायचं तर तिला चार महिन्यांची नोटीस द्यावी लागेल. आधी भाडेकरूसकट घेणारा गुंतवणूकदार मिळतो का पाहा.

पुण्याच्या फ्लॅटची घाई नको. तुम्ही ब्रिटनचे रहिवासी आहात तोवर तिथल्या भाड्याचा हिशोब इथल्या विवरणपत्रातही द्यावा लागेल. विक्रीतून उरेल त्यातून आधी तुमच्या राहत्या घराचं कर्ज फेडा.