बॅरल्स, पोल्स, कीहोल: ‘नो टाइम’ का मिळतो आणि आधी काय शिकवायचं

दादा, तुमच्या लेकीचा पहिलाच प्लेडे (घोड्यावरच्या हौशी शर्यतींचा दिवस), बॅरल रेसिंगमध्ये एकही बॅरल, म्हणजे पिंप, पडलं नाही, तिन्हींना वळसे घालून ती परत आली आणि तरी स्पीकरवर ‘नो टाइम’, म्हणजे वेळ धरली नाही, बाद, असं सांगितलं, ती रडली, हे वाचून खरंच वाईट वाटलं. पण तुम्हीच लिहिलंय की दुसऱ्या बॅरलला पोनी सरळ पुढे निघून गेला आणि तिने त्याला थांबवून, मागे फिरवून परत बॅरलपाशी आणलं, आणि उत्तर तिथेच आहे. जजचं काही चुकलेलं नाही. माझी दोन्ही मुलं इथे टेक्सासमध्ये याच खेळात वाढली आणि मी स्वतः टायमरच्या टेबलावर बसते, त्यामुळे हा प्रसंग दर प्लेडेला कुणा ना कुणाच्या वाट्याला येताना बघते, आणि दर वेळी आईबाप हेच विचारतात, की एकही पिंप पडलं नाही, मग बाद का?

कारण या खेळात घड्याळ नंतर येतं, आधी पॅटर्न. बॅरल रेसिंगचा पॅटर्न म्हणजे तीन पिंपांचा त्रिकोण (आपलं 55 गॅलनचं लोखंडी पिंप, दोन्ही बाजूंनी बंद). पूर्ण मापाच्या मैदानात पहिल्या दोन बॅरल्समध्ये 90 फूट, त्या दोघांपासून तिसरं 105 फुटांवर, आणि सुरुवातीची रेषा पहिल्या दोघांपासून 60 फूट अलीकडे. मैदान लहान असेल तर अंतरं कमी करतात, आकार तोच. उजवीकडच्या बॅरलने सुरुवात केली तर पहिलं वळण उजवं आणि पुढची दोन डावी, डावीकडून केली तर बरोब्बर उलट, दोन्ही चालतं, ज्याच्या घोड्याला जे सोयीचं ते. तिसरं फिरलं की मधून सरळ घरी, म्हणजे त्याच रेषेवर.

आता पॅटर्न मोडला कधी म्हणायचं? पुढे जाणं थांबवून आपल्याच वाटेने मागे आलात तर मोडला, आणि बॅरलच्या चुकीच्या बाजूने पुढे निघून गेलात तरी मोडला. मधेच सुरुवातीची रेषा परत ओलांडली तरी तेच. तुमच्या लेकीच्या बाबतीत पहिलं झालं. पोनी लांब गेला तर त्याला थांबवायचं नाही, चालतच ठेवायचं आणि योग्य बाजूने मोठा वळसा घालून बॅरलभोवती आणायचं, मग भले पाचसहा सेकंद जाऊ देत, टाइम तरी मिळतो. हे तिला शांतपणे, मैदानावर पायी चालत दाखवा. मुलं घोड्यावर असताना सांगितलेलं त्यांच्या डोक्यात जात नाही, पायी चालून बघितलेलं लक्षात राहतं.

बॅरल पडण्याचा नियम सगळीकडे सारखा नाही. रोडिओत (काउबॉय खेळांच्या मोठ्या स्पर्धांत) एक बॅरल पडलं की वेळेत 5 सेकंद वाढतात. पूर्ण मापाच्या पॅटर्नवर चांगली घोडी 17 सेकंदांच्या आसपास फिरते, त्यात हे 5 म्हणजे तो राउंड हातचा गेलाच. काही संस्थांच्या शर्यतींत पडलं की थेट नो टाइम असतो. पडून उलट्या तोंडावर परत उभं राहिलं तरी ते पडलेलंच धरतात, यावर दर वर्षी कुणीतरी वाद घालतं. पण नुसतं हललं, डगमगलं, तर काही नाही, आणि पडू नये म्हणून हाताने धरलं तरी बहुतेक ठिकाणी चालतं. मोठ्या मुली बघा, गुडघा लागून पिंप एका कडेवर तिरकं झालं की लगाम एका हातात ठेवून दुसऱ्या हाताचा पंजा वरच्या कडेवर ठेवतात, जेमतेम एक क्षण, आणि मान न वळवता पुढच्या बॅरलकडे निघालेल्या असतात. बघायला फार सुंदर दिसतं. पण दहा वर्षांच्या मुलीला हे मुद्दाम शिकवू नका, हात खाली गेला की तोल जातो.

पोल्समध्ये, म्हणजे खांबांच्या शर्यतीत, तिचे दोन खांब पडले म्हणालात, त्याचे 10 सेकंद वाढले, ते ठीकच आहे. तिथे सहा खांब एका ओळीत, प्रत्येकी 21 फुटांवर, आणि पहिला खांब रेषेपासून 21 फूट. बाजूने सरळ शेवटच्या खांबापर्यंत धावायचं, वळून नागमोडी परत यायचं, पहिल्या खांबाला वळसा, पुन्हा नागमोडी शेवटपर्यंत, वळसा आणि सरळ घरी. खो-खोत आपण एकेरी साखळी खेळायचो तशीच ही चाल आहे, फक्त खाली अर्ध्या टनाचं जनावर. एक खांब चुकीच्या बाजूने गेला तर नो टाइम. खांब सहा फुटी, हलके, नुसते ठोकळ्यात उभे, त्यामुळे रिकिबीतला पाय बाहेर आला की पडतातच, आणि बऱ्याचदा खांब पोनी पाडत नाही, मुलांचा गुडघा पाडतो. टाच आत, पाय घोड्याला चिकटून, एवढं जमलं तरी निम्मे खांब वाचतील.

कीहोल तिने अजून केलं नाही म्हणताय, तर आधीच सांगून ठेवते. जमिनीवर चुन्याने किल्लीच्या भोकासारखी आकृती आखतात, अरुंद गळा आणि पुढे गोल. गळ्यातून आत, गोलात वळायचं, त्याच गळ्यातून बाहेर. चुन्याच्या रेषेवर एक खूर पडला की नो टाइम, 5 सेकंदांची सवलत वगैरे काही नाही. तिथे भरधाव येणाऱ्यापेक्षा वेळेत थांबणारा घोडा जिंकतो.

आता मला मनापासून वाटतं ते सांगते. या सगळ्या खेळांत लहान मुलांना ‘गो, गो, गो’ असं ओरडून पळवण्याची इथे सवय आहे आणि ती मला अजिबात पटत नाही. पहिलं वर्षभर तिला पॅटर्न चालत आणि दुडक्या चालीनेच करू द्या, स्पर्धेतसुद्धा. वेळ 40 सेकंद येऊ दे, तिचं नाव बोर्डवर आकड्यासकट लागेल, तिला ते फार मोठं असतं. बॅरलजवळ काय घडतं ते संथ चालीतच शिकता येतं: बॅरलला सरळ चिकटून यायचं नाही, येताना चारपाच फुटांची जागा सोडायची, घोडा मागच्या पायांवर बसून वळला की जाताना आपोआप जवळून निघतो. जागा न सोडता आलात तर वळण सुरू होतं तेव्हाच खांदा पिंपाला लागतो. नजर पिंपावर ठेवली तर घोडा पिंपावरच जातो, म्हणून वळायला लागताच पुढच्या बॅरलकडे बघायचं. आणि पहिल्या वळणानंतर लीड, म्हणजे धावताना जास्त पुढे पडणारा पुढचा पाय, बदलावी लागते, उजव्या वळणाला उजवा पाय पुढे होता तो दुसऱ्याला डावा हवा. दुसऱ्या बॅरलला पोनी लांब का गेला याचं एक कारण हेही असू शकतं. कुणीतरी व्हिडिओ काढला असेल तर पुढच्या दोन पायांपैकी कुठला जास्त पुढे पडतोय ते हळू करून बघा.

आणि घरी रोज पॅटर्न घोटू नका. घोडा वैतागतो, मग गेटमधून आत शिरायलाच नकार देतो, उभा राहतो, मागच्या पायांवर उठतो. आठवड्यातून एखाददा पॅटर्न, बाकीचे दिवस मोकळ्या रानात फिरवा, वर्तुळं करा, थांबणं मागे जाणं करा. चाबकाचंही तेच, पुढच्या भागावर किंवा तोंडावर मारलेलं दिसलं तर जज बाद करू शकतो आणि करावंच.

बोर्डवरचे डिव्हिजन, म्हणजे वेळेनुसार पाडलेले गट, तुम्हाला कळले नव्हते, ते सोपं आहे. सगळे एकाच यादीत पळतात, सगळ्यात जलद वेळ पहिल्या डिव्हिजनची. समजा ती 16.200 आली, तर 16.700 पासून दुसरी सुरू होते, 17.200 पासून तिसरी, पुढे अशाच पायऱ्या, आणि प्रत्येक डिव्हिजनचा पहिला नंबर वेगळा. वेळ इलेक्ट्रिक आयवर, म्हणजे रेषेवरच्या किरणाच्या यंत्रावर, हजाराव्या भागापर्यंत मोजतात, घोड्याचं नाक किरणातून गेलं की सुरू, परत गेलं की बंद. या पद्धतीमुळेच म्हातारी घोडी घेऊन आलेली बाई आणि महागडी घोडी घेऊन आलेली मुलगी एकाच दिवशी दोघी बक्षीस घेऊन जातात, आणि मला हा खेळ आवडतो त्यातलं हे मोठं कारण आहे. दुसरं कारण म्हणजे तो बायकांनी उभा केला. 1948 साली सॅन अँजेलोमध्ये 38 जणींनी मिळून गर्ल्स रोडिओ असोसिएशन काढली, नियम आणि बक्षिसं नीट असावीत म्हणून, तीच आजची डब्ल्यूपीआरए, म्हणजे विमेन्स प्रोफेशनल रोडिओ असोसिएशन. लेकीला शार्मेन जेम्सची गोष्ट नक्की सांगा. न्यू मेक्सिकोची मुलगी, स्कॅम्पर नावाचा घोडा, 1984 ते 1993 सलग दहा जागतिक किताब. 1985 च्या रोडिओच्या नॅशनल फायनल्समध्ये एका राउंडला स्कॅम्परची मोहरकी तुटून तोंडातून सुटली आणि त्याने तशाच अवस्थेत पॅटर्न पूर्ण केला, शिवाय राउंडही जिंकला. घोड्याला पॅटर्न किती पाठ असतो ते त्यावरून कळतं.

प्लेडेआधीचं थोडक्यात. घोड्याचा कॉगिन्स टेस्टचा (घोड्यांच्या एका संसर्गजन्य रोगासाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह कागद, बारा महिन्यांच्या आतला, गाडीतच ठेवा, टेक्सासमध्ये घोडे एकत्र येतात तिथे तो लागतो. हेल्मेटवर एएसटीएम आणि एसईआयचा, म्हणजे सुरक्षेच्या मानकांचा, शिक्का बघा, सायकलचं हेल्मेट अजिबात नको, मोठ्या मुली टोपी घालतात म्हणून तिला टोपी देऊ नका. बऱ्याच ठिकाणी सुरुवातीआधी थोडे पैसे भरून एक्झिबिशन रन, म्हणजे स्पर्धेत न धरलेली सरावाची फेरी, मिळतो, एखाद्या मिनिटाचा, तो घ्या आणि त्यात फक्त चालवा. ठराविक घोड्यांनंतर ट्रॅक्टर माती सारखी करतो, त्या लगेच नंतरचा नंबर मिळाला तर उत्तम.

आता शेवटचा प्रश्न, जलद घोडा घ्यावा का. आत्ता नको. पोनी जागेवर वळत नाहीये, लगाम ऐकत नाहीये, हे जलद घोड्याने सुटत नाही, उलट त्याच चुका दुप्पट वेगात होतात. वर्षभराने घ्यायचाच झाला तर चौदापंधरा वर्षांचा, मुलांना घेऊन स्पर्धा केलेला घोडा बघा. विकणारा त्याला पळवून दाखवेलच, तुम्ही त्याला लगाम सैल सोडून मैदानात चालत न्यायला सांगा, पॅटर्न चालत करायला सांगा, आणि मग गेटपाशी नुसतं पाच मिनिटं उभं करायला सांगा. जो तिथे नाचायला लागतो, घाम फोडतो, तो तुमच्या लेकीसाठी नाही, मग किंमत कितीही कमी असो. पसंत पडला तर पैसे देण्याआधी तुमच्या स्वतःच्या व्हेटकडून तपासून घ्या, विकणाऱ्याच्या नव्हे, आणि मागच्या पायांच्या हॉक्सचे (मधल्या सांध्यांचे) एक्स-रे काढायला सांगा, बॅरलच्या घोड्याचा सगळा भार वळताना तिथेच येतो.