ऑप्शन फॉर्म भरण्याआधी

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

‘गणित कच्चं आहे, तरी इंजिनिअरिंगच्या ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेज आणि शाखांची पसंती क्रमाने लिहायच्या फॉर्ममध्ये, कॉम्प्युटर वर टाकू का?’ हा तुझा प्रश्न आणि प्रिलिमच्या उत्तरपत्रिकेचे फोटो मिळाले. नुसते मार्क कळवले असतेस तर मला काहीच सांगता आलं नसतं. पानन् पान पाठवलंस ते फार बरं केलंस. बोर्डात गणितात १०० पैकी ५२, सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीने सावरलं आणि मॅथ्सने घात केला. बाबा म्हणतात, ऐरोलीच्या माइंडस्पेस आयटी पार्कमध्ये एवढी पोरं रोज कामाला जातात, सगळी काय आर्यभट्ट आहेत का, डोळे मिटून कॉम्प्युटर घे. क्लासचे सर म्हणतात, एम-वनलाच, म्हणजे पहिल्या सेमिस्टरच्या गणितालाच, केटी लागेल (नापास होऊन पेपर पुन्हा द्यावा लागेल), त्या वाटेला जाऊ नकोस. दोघंही तुझ्या भल्याचंच बोलतायत, पण तुझा पेपर दोघांपैकी कुणीच उघडून पाहिलेला नाही. मी काल जेवणं आटोपल्यावर चष्मा लावून बसले आणि नीट पाहिला.

लॉजिकचा प्रश्न तू जवळजवळ पूर्ण सोडवला आहेस. ट्रूथ टेबल स्वच्छ, कॉन्ट्रापॉझिटिव्ह बरोबर. स्विचिंग सर्किट सोपं करून झाल्यावर बाजूला पेन्सिलने आणखी एक आकृती काढून ‘असंही चालेल का?’ असं लिहिलंयस. तपासणाऱ्याने तिच्यावर लाल रेघ ओढली आहे. मी ओढली नसती. ती आकृती बरोबर आहे. मॅट्रिक्सच्या इन्व्हर्समध्ये रीत ठीक, शेवटच्या ओळीत उणे चिन्ह गळलं. आणि मग इंटिग्रेशन. साइन स्क्वेअर एक्सचं इंटिग्रेशन करायचं होतं. तू साइन क्यूब एक्स भागिले तीन लिहिलंस, स्वतःच खोडलंस आणि पुढची दीड पानं कोरी सोडलीस. म्हणजे चुकतंय हे तुला कळलं होतं, पण पुढची पायरी सापडली नाही. ती पायरी अकरावीच्या ट्रिगोनॉमेट्रीत आहे: कॉस टू एक्स बरोबर एक वजा दोन साइन स्क्वेअर एक्स. एवढं आठवलं असतं तर उरलेलं गणित दोन ओळींचं होतं.

अकरावी आरामात काढलीस ना? बहुतेक जण तेच करतात. बारावीच्या मार्कलिस्टवर ती दिसत नाही, सीईटीत तिचं वजन साधारण २० टक्के, म्हणून क्लासवालेही धडे उरकून टाकतात. मग बारावीचं कॅल्क्युलस सुरू झालं की मुलांना वाटतं, आपल्याला डोकंच नाही. तुझ्या पेपरात मला डोक्याची उणीव कुठे दिसली नाही. सूत्रांचा सराव नाही आणि घाईत चिन्हं गळतात, एवढंच दिसलं. सीईटीचा पर्सेंटाइल तर मी यात फारसा धरतच नाही. ९० मिनिटांत ५० गणितं म्हणजे एकाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. तिथे वेग तपासला जातो, आणि वेग सरावाने येतो.

आता कॉम्प्युटर सायन्समध्ये गणित किती आणि कसलं, ते सांगते. सेकंड इयरला डिस्क्रीट स्ट्रक्चर्स नावाचा विषय येतो, तो मी बरीच वर्षं शिकवते आहे. त्यात लॉजिक, सेट्स, रिलेशन्स, मोजणी, इंडक्शन आणि ग्राफ थिअरी असते. यातलं बरंचसं तू अकरावी-बारावीत पाहिलं आहेस; हेच ते धडे, जे क्लासमध्ये ‘स्कोअरिंग’ म्हणून दोन दिवसांत संपवतात. पुढे अल्गोरिदम शिकताना, डेटाबेस शिकताना हेच पुन्हा पुन्हा लागतं. इंटिग्रेशन तिथे क्वचित भेटतं.

मात्र तिथवर पोचण्याआधी जे आहे, त्याबद्दल तुझे सर खोटं बोलत नाहीत. मुंबई विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षी एम-वन आणि एम-टू सगळ्याच शाखांना असतात: कॉम्प्लेक्स नंबर्स, पार्शल डिफरन्सिएशन, डिफरन्शियल इक्वेशन्स, डबल आणि ट्रिपल इंटिग्रल्स. दुसऱ्या वर्षीच्या गणितात लाप्लास, फूरिए, मॅट्रिसेस, प्रोबॅबिलिटी यांतलं बरंच काही येतं. कॉलेज ऑटोनॉमस (स्वतःचा अभ्यासक्रम ठरवणारं) असेल तर नावं आणि क्रम बदलतात, मालमसाला साधारण तोच. तेव्हा ‘गणित कच्चं आहे म्हणून कॉम्प्युटर नको, मेकॅनिकल घेते’ हा जो पर्याय मामांनी सुचवलाय, त्यात काही अर्थ नाही. एम-वन तिथेही आहे, आणि पुढे कॅल्क्युलस कॉम्प्युटरपेक्षा जास्तच.

‘नोकरीत गणित कुठे लागतं?’ हे बाबांचं म्हणणं अर्धं खरं आहे. महापे-ऐरोलीच्या ऑफिसांत चालणारं पुष्कळसं काम फॉर्म, रिपोर्ट, डेटाबेस आणि दुसऱ्याने लिहिलेला कोड दुरुस्त करणं, असं असतं. पण समज, १ लाख ग्राहकांच्या यादीतून दुबार नोंदी काढायच्या आहेत. नवखा मुलगा प्रत्येक नाव उरलेल्या प्रत्येक नावाशी ताडून बघतो. त्या जोड्या होतात जवळपास ५०० कोटी. यादी आधी क्रमाने लावून घेतली तर काम पंधरा-वीस लाख तुलनांत निभावतं, कारण सारखी नावं आपोआप शेजारी येतात. ५०० कोटींचा आकडा काढायला अकरावीचं कॉम्बिनेशन पुरतं. पण तो काढावा हे सुचायला हवं. ज्याला सुचत नाही त्याचा प्रोग्राम टेस्टिंगच्या ५० नावांवर सुरेख चालतो आणि गिऱ्हाइकाकडे जाऊन झोपतो.

आता मुद्द्याचं काम. शाळेत मराठीच्या तासाला लघू-गुरू शिकलीस, आठवतंय? लघूची १ मात्रा, गुरूच्या २. एक वही घे आणि ४ मात्रांची ओळ लघू-गुरूंनी किती प्रकारे भरता येते ते लिहून काढ. चारही लघू, दोन लघू आणि एक गुरू, त्याचे तीन क्रम, दोन्ही गुरू. झाले ५. मग ५ मात्रांसाठी लिही, मग ६ साठी. सातव्याला हात दुखायला लागेल, तेव्हा थांब आणि आकड्यांकडे बघ: १, २, ३, ५, ८, १३. प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज आहे, हे तुला चटकन दिसेल. का आहे, ते मी सांगणार नाही. ओळीच्या शेवटच्या अक्षराकडे बघ, एवढंच म्हणेन. एक संध्याकाळ लागली तर लागू दे, यूट्यूब उघडू नकोस. (जग याला फिबोनाचीचे आकडे म्हणतं. त्याचं पुस्तक १२०२ सालचं. आपल्याकडे छंदांचा विचार करताना हेमचंद्राने हाच नियम त्याच्या आधी, बाराव्या शतकात सांगितला होता, आणि विरहांकाने त्याच्याही आधी. परीक्षेत हे कुणी विचारत नाही, मला आवडतं म्हणून सांगितलं.)

‘का’ सापडलं की तेच पायथनमध्ये लिही. स्वतःलाच बोलावणारं फंक्शन, पाच-सहा ओळींत होतं. १० मात्रांसाठी चालव, २० साठी चालव, मग ४० साठी. ४० ला ते अडकल्यासारखं होईल. लॅपटॉप बिघडला नाहीये. फंक्शन किती वेळा स्वतःला बोलावतंय ते मोजायला एक काउंटर टाक आणि आकडा बघ. मग विचार कर की एकदा काढलेलं उत्तर ते पुन्हा पुन्हा का काढत बसलंय, आणि ते कुठेतरी लिहून ठेवायला कसं सांगता येईल. ते जमलं की ४० काय, ४०० सुद्धा क्षणात येईल.

या एका उद्योगात इंडक्शनही आलं, रिकर्शनही (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) आलं आणि अल्गोरिदमचा खर्च मोजणंही आलं. उत्तर आलं की नाही यावर मी फार जाणार नाही. अडकल्यावर तू काय केलंस ते मला बघायचंय. वही बाजूला टाकून रील्स बघत बसलीस, की कपडे वाळत घालतानाही डोक्यात तेच घोळत होतं? पहिल्या संध्याकाळी वैताग आला तर तो सगळ्यांनाच येतो. पण आठवडाभर बसूनही ‘असं का होतं’ याची जरासुद्धा उत्सुकता वाटली नाही, नुसतं संपवायचं म्हणून संपवलंस, तर कॉम्प्युटर घेऊ नकोस. तेव्हा मार्क ९५ असते तरी मी हेच म्हटलं असतं. कॉम्प्युटर आवडतो म्हणताना तुझ्या मनात व्हिडिओ एडिटिंग किंवा पोस्टर करणं असेल, तर तो वेगळा आणि चांगला धंदा आहे. त्याचे वेगळे कोर्स आहेत, त्यासाठी लाप्लासशी चार वर्षं भांडायचं कारण नाही.

उत्सुकता वाटली तर मात्र खुशाल घे, आणि कॉलेज सुरू होईपर्यंतचे आठवडे अकरावीच्या पुस्तकाला दे. सगळं पुस्तक नको. ट्रिगोनॉमेट्रीची सूत्रं, कॉम्प्लेक्स नंबर्स, परम्युटेशन-कॉम्बिनेशन, इंडक्शन, फंक्शन्स आणि लिमिट्स. सूत्र पाठ करायच्या आधी एकदा स्वतः सिद्ध करायचं. मग विसरलं तरी परीक्षेत पुन्हा काढता येतं. उणे चिन्हं गळण्यावर उपाय कंटाळवाणा आहे: एका ओळीत एकच बदल करायचा, कागद वाचवायचा नाही. डिस्क्रीट आधी चाखून बघायचं असेल तर एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. फर्स्ट इयरला वर्ग बुडवून शेवटच्या पंधरवड्यात ‘इम्पॉर्टंट’ करणारे केटीत जातात. त्यांत ९० वाले पण असतात.

फॉर्ममध्ये एक गोष्ट सांभाळ. एआय अँड डेटा सायन्स, एआय-एमएल ही नावं ऐकायला आकर्षक आहेत आणि तुझ्या मैत्रिणी तीच वर टाकतायत. त्या शाखांत प्रोबॅबिलिटी आणि लिनिअर अल्जिब्रा जास्त खोल जातात. तुझ्यासाठी साधं कॉम्प्युटर किंवा आयटी वर ठेव. एआयची ओढ टिकली तर ते विषय नंतर इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) म्हणून घेता येतात.

आणि इंजिनिअरिंगच हवं असा हट्ट नको. ठाण्यातच बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स किंवा बीएस्सी आयटी करून पुढे दोन वर्षांचं एमसीए, हा रस्ता बाबांना कमीपणाचा वाटतो. मला वाटत नाही. गणित तिथेही सुटत नाही आणि एमसीएच्या सीईटीतही ते आहे, पण कॅल्क्युलसचा मारा कमी असतो आणि प्रोग्रामिंग पहिल्या दिवसापासून हातात येतं. कॉलेजचं माहितीपत्रक वाचून बारावीच्या गणिताची अट तपास. बीसीएला २०२४ पासून वेगळी सीईटी आहे, ती तू दिलेली नाहीस, तेव्हा तो विषय यंदा सोडून दे.

राहता राहिलं कॉलेज कुठलं. तू कळव्याची. घोडबंदरच्या टोकाला कॉलेज मिळालं तर कापूरबावडीच्या पुढचं ट्रॅफिक रोज तुझा अभ्यासाचा वेळ खाणार. ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळ या बाजूला ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने बसून जाता येतं, सकाळी वाशी-पनवेलच्या गाडीत वही उघडण्याइतकी जागा बऱ्याचदा मिळते. कट-ऑफ दोन टक्के इकडेतिकडे असेल तर जवळचं कॉलेज वर टाक. ज्याला रोज तासभर गणित करायचंय त्याला तो तास दिवसात असावा लागतो.

वहीची पानं या रविवारपर्यंत पाठव, खोडाखोडीसकट. फेअर करून पाठवू नकोस. आणि फॉर्म लॉक करण्याआधी बाबांना फोनवर घे, मी त्यांच्याशी बोलते. ते माझं ऐकतात, निदान तसं दाखवतात तरी.

तुझी,
नौपाड्याची मावशी