नुसतं तोंडी सांगितल्याने माणसाचं शिकणं आणि वागणं खरंच बदलतं का?

हो, आणि भरपूर बदलतं. २००१ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ फेल्प्स आणि सहकाऱ्यांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये आडवं करून सांगितलं की अमुक रंगाचा चौकोन दिसला तर शॉक बसू शकतो. प्रत्यक्षात कुणालाच एकही शॉक दिला नाही, तरी तो चौकोन आला की मेंदूतला भीतीशी जोडलेला भाग, अमिग्डाला, जागा व्हायचा आणि त्वचेवरचा घामही मोजण्याइतका वाढायचा. म्हणजे अनुभव शून्य, फक्त शब्द, आणि शरीर तयार! (म्हणूनच लहान मुलांना उगाच भीती घालू नये असं मला अगदी मनापासून वाटतं.)

पण याची दुसरी बाजूपण आहे. बटण दाबून पॉइंट मिळवायच्या प्रयोगांमध्ये ज्यांना आधीच नियम सांगितलेला असतो ते परिस्थिती बदलली तरी बऱ्याचदा तोच नियम धरून बसतात, स्वतः चाचपडत शिकलेल्यांच्या मात्र तो बदल लवकर लक्षात येतो.

आणि सांगायचं कसं हेही महत्त्वाचं. हालचाली शिकण्यावर संशोधन करणाऱ्या गॅब्रिएल वुल्फ यांनी १९९८ मध्ये स्की सिम्युलेटरवर (बर्फावर घसरण्यासारखी हालचाल करायच्या चाकांच्या यंत्रावर) काहींना पायांकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना पायाखालच्या चाकांकडे, तर चाकांवर लक्ष ठेवणारे जास्त चांगलं शिकले. कोच लोकांनी हे खरंच वापरून बघावं, पोहायला शिकवताना ‘हात मागे ओढ’ म्हणण्यापेक्षा ‘पाणी मागे ढकल’ म्हणा.