वाळपईच्या कौलारू घरात रूम हीटर? आधी पंखा बंद करा

तुमचे आई-बाबा गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या वाळपईजवळच्या जुन्या कौलारू घरात दोघेच राहतात, आई पहाटे कुडकुडते, बाबांना मधुमेह आहे. तेव्हा २००० वॅटचा रूम हीटर घ्यावा का आणि बिल किती वाढेल, असा तुमचा प्रश्न. बिलाचे आधी सांगतो. २००० वॅट म्हणजे तासाला २ युनिट. रोज तीन तास लावला तर ६ युनिट, महिन्याला १८०. आपल्याकडे घरगुती विजेचा दर वापराप्रमाणे टप्प्याटप्प्याने चढतो, म्हणजे ही १८० युनिटे वरच्या, महागड्या टप्प्यांत जाऊन बसणार. थर्मोस्टॅट आपोआप बंद करील म्हणाल, तर कौलांखाली ती खोली तेवढी तापतच नाही. गरम हवा वर जाते आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडते. पैसे देऊन सत्तरीचे आभाळ तापवायचे असेल तर गोष्ट निराळी.

आता मला सांगा, रात्री पंखा चालू असतो ना? नव्वद टक्के घरांत असतो, मी पैज लावतो. थंडीसाठी दोन चादरी आणि डासांसाठी एकवर पंखा! त्या वाऱ्याने अंगाभोवतीची ऊब रात्रभर उडून जाते. मच्छरदाणी लावा, पंखा बंद करा. ७५ वॅटचा पंखा आठ तास म्हणजे रात्रीला जास्तीत जास्त ०.६ युनिट, एकवर त्याहून कमी, पण तेवढे उलट वाचतीलच. माळा नसेल तर मच्छरदाणीच्या छतावर एक जाड चादर पसरा. कौले रात्री झपाट्याने गार होतात आणि खाली झोपलेल्याच्या अंगातली उष्णता ओढून घेतात. मधे कापड आले की फरक पहिल्याच रात्री कळतो. बाजू मात्र मोकळ्या ठेवा, हवा खेळायला हवी.

गोव्याच्या थंडीची एक सोय आहे, तिच्याकडे कोणी बघत नाही. जानेवारीत सुद्धा दुपारी तीसच्या वर पारा असतो. ऊब फुकट मिळते, फक्त ती रात्रीपर्यंत टिकवायची. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या खिडक्या दुपारी सताड उघडा आणि साडेचार-पाचला, गारवा उतरायच्या आत, लावून घ्या. चिऱ्यांची जाड भिंत दुपारभर तापली की रात्री उशिरापर्यंत सावकाश ऊब सोडत राहते. पश्चिमेची खोली एप्रिलमध्ये भट्टी होते म्हणून तिथे कोणी झोपत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत आई-बाबांची खाट तिथेच हलवा, भिंतीला अगदी चिकटवू नका इतकेच. घराला लागून कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग, असेल तर त्या बाजूची खोली टाळा. शिंपणाच्या ओलीने तिथला गारठा वेगळाच असतो.

अंथरुणाकडे लक्ष द्या, कारण अर्धी थंडी खालून येते. कापसाची गादी दमट झाली की कितीही पांघरा, ऊब येत नाही. गाद्या, गोधड्या अकरा ते तीन उन्हात घाला आणि दंव पडायच्या कितीतरी आधी आत घ्या. संध्याकाळी सहाला आणलेली गोधडी न वाळवल्यासारखीच. लादी घातली असेल तर खाटेपाशी काथ्याची चटई किंवा सतरंजी हवी. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाय एवढे गारठत नव्हते.

आईची पहाटेची अंघोळ हा मला खरा मुद्दा वाटतो. सर्वांत जास्त गारठा सूर्योदयाच्या सुमाराला असतो आणि नेमके तेव्हाच आपली म्हातारी माणसे न्हाणीत शिरतात. देवपूजेचा प्रश्न असेल तर वाद घालू नका, न्हाणीतच अंग पुसून, कपडे घालून बाहेर यायची सवय लावा. नाहीतर अंघोळ दहाला. न्हाणीत पाणी तापवायचे जुने भाण असेल आणि नारळाची सोडणे (वाळलेली साले), करवंट्या पडून असतील तर गीझरची गरजच काय? गीझरच असेल तर पंधरा-वीस मिनिटे आधी लावा, रात्रभर चालू ठेवू नका.

बाबांसाठी पायमोजे आणि कानटोपी. गरम पाण्याची रबरी पिशवी झोपायच्या आधी अर्धा तास पांघरुणात ठेवा आणि ते झोपायला आले की काढून घ्या. मधुमेहात पायांची जाणीव कमी झालेली असू शकते, पिशवी पायाशी राहिली तर भाजल्याचे सकाळीच कळेल. इलेक्ट्रिक ब्लँकेट वीज फार कमी खाते, पण याच कारणासाठी त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

फेणीचा एखादा पेला ऊब देतो हे आपल्याकडचे जुने औषध. ते निव्वळ भासते. कातडीकडे रक्त धावते म्हणून गरम वाटते, आणि तिथूनच शरीराची उष्णता निघून जाते. त्यापेक्षा रात्री गरम पेज बरी.

कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्याचे घमेले झोपायच्या खोलीत अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत माणूस दगावतो. शेकायचेच तर अंगणात शेका, विझल्यावरही निखारे आत आणू नका.

एवढे करून आठवडाभर बघा. तरीही पहाट जड जात असेल तर हीटर घ्या, पण ऑइल भरलेला, आणि माळा असलेल्या छोट्या खोलीत, उठायच्या वेळी अर्धा तास. महिन्याला ३० युनिटांत भागेल. त्याचा प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावा. जुन्या घरांतले वायरिंग आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा, एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका.