इरेग्युलर मायग्रेशनला मराठीत म्हणायचं काय?

तासगावच्या एका एमपीएससीवाल्या पोरानं विचारलंय की इरेग्युलर मायग्रेशनला, म्हणजे परवान्याशिवाय दुसऱ्या देशात शिरण्याला नाहीतर राहण्याला, पुस्तकात ‘अनियमित स्थलांतर’ छापलंय, पेपरात ‘घुसखोरी’ येतं, मग बरोबर काय, आणि असायलम, म्हणजे परक्या देशात आश्रय, मागणारा म्हणजे निर्वासितच ना.

‘अनियमित’ मलाही खटकतो. आपल्याकडं अनियमित म्हणजे एसटी, आली तर आली. पण म्हणून ‘बेकायदेशीर स्थलांतरित’ लिहून मोकळं व्हावं तर तेही बसत नाही, कारण माणूस तोच असतो आणि कायदा मध्येच पलटतो. सर्बियाचं बघा. 2017 पासून भारतीयांना तिथं महिनाभरासाठी व्हिसाच लागत नव्हता, म्हणजे बेलग्रेडला उतरलेला पोरगा शंभर टक्के कायदेशीर, तिथनं एजंट धरून हंगेरीचं कुंपण ओलांडलं की बेकायदा, पुढं ऑस्ट्रियात पोलिसांनी पकडल्यावर आश्रयाचा अर्ज टाकला की निकाल लागेपर्यंत राहायचा हक्क, आणि अर्ज फेटाळल्यावरही हलला नाही तर परत बेकायदा. 2022 ला ऑस्ट्रियात असे हजारो भारतीय अर्ज गेले, युरोपियन युनियननं दबाव आणला, सर्बियानं 1 जानेवारी 2023 पासून व्हिसा लावला. ती वाट ओस पडली हे खरंच. पण त्याच वर्षी डिसेंबरात फ्रान्सच्या वात्री विमानतळावर 303 प्रवाशांचं विमान अडवलं, बहुतेक भारतीय, चालले होते निकाराग्वाला, आणि निकाराग्वाला एवढे लोक काय फिरायला जात नाहीत, तिथनं वर अमेरिकेची सीमा गाठायची असते. पंजाबात याला डंकी म्हणतात.

रीतसर वाट बंद केली म्हणून काम बंद होत नाही, हे मेक्सिकोवरनं जास्त कळतं. 1942 ते 1964 ब्रासेरो करारावर मेक्सिकन मजूर अमेरिकेत शेतीकामाला रीतसर जायचे. करार संपला, शेतं तीच, माणसं तीच, फक्त परवाना गेला. आणि नंतर सीमा कडक केल्यावर उलटंच झालं, परत येताना एवढा खर्च आणि धोका नको म्हणून लोक तिकडंच बायकापोरांसकट राहिले. बीडच्या ऊसतोड टोळीला दरवर्षी सांगलीत शिरायला एजंटला लाखभर मोजायला लागले असते तर हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर गावाकडं कोण गेलं असतं?

आता असायलम. आश्रय मागायचा तर साधारणपणे त्या देशात नाहीतर त्याच्या सीमेवर पोचावं लागतं, आणि आश्रय मागायला जाण्यासाठीचा व्हिसा बहुतेक देशांत नाहीच. टुरिस्ट व्हिसा मागितला तर हा परत जाणार नाही म्हणून नकार, आणि बिनव्हिसाचा माणूस विमानात बसवला तर दंड विमान कंपनीला, त्यामुळं त्याला काउंटरवरच अडवतात. उरते रबरी बोट. 2015 ला दहा लाखांवर माणसं समुद्रातनं युरोपात गेली ती काय हौस म्हणून नव्हे, तुर्कस्तानातनं समोरच्या ग्रीक बेटावर साधी फेरीबोट जाते, स्वस्तात, पण व्हिसावाल्यांना. 1951 च्या निर्वासित करारात हे धरलेलं आहे, कलम 31 म्हणतं की जिवाच्या भीतीनं थेट आलेला माणूस लगेच अधिकाऱ्यांपुढं हजर झाला तर बेकायदा शिरल्याची शिक्षा देऊ नका. (भारताची या करारावर सही नाही, परीक्षेला लक्षात ठेव.)

म्हणून ‘घुसखोर’ नको. तो शब्द माणसाचा हेतू आधीच ठरवून टाकतो, शिवाय रीतसर व्हिसावर जाऊन मुदत संपल्यावर राहिलेले ढीगभर असतात, ते कुठं घुसले? माझ्या मते पेपर तपासणाऱ्यासाठी ‘अनियमित’च लिही, एरवी ‘विनापरवाना स्थलांतर’. बेकायदेशीर म्हणायचंच तर प्रवेशाला म्हण, मुक्कामाला म्हण, माणसाला नको.

आणि नाही, असायलम मागणारा आणि निर्वासित एक नव्हेत. अर्ज टाकलाय तोवर ‘आश्रयार्थी’, मंजूर झाला की कागदोपत्री ‘निर्वासित’. ‘शरणार्थी’ चूक नाही पण हिंदी बातम्यांतनं आलाय, आपल्या भागात निर्वासितच रुळलाय, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत महायुद्धात पोलंडचे निर्वासित राहिले, फाळणीनंतर तिथंच सिंधी आले, तेच आजचं गांधीनगर. कोयनेत घरं बुडालेल्यांना मात्र साताऱ्यात कुणी निर्वासित म्हणत नाही, ते धरणग्रस्त.